डिकीत शिरणारी धूळ: आठ महिने आणि लार्क क्वारीच्या दोन फेऱ्यांनंतर

या गाडीचं इंजिन, मायलेज सगळ्यांना ठाऊक आहे. मी मागच्या दाराच्या बीडिंगबद्दल, म्हणजे कडेच्या रबरी पट्टीबद्दल लिहितोय.

आम्ही ऑस्ट्रेलियात, क्वीन्सलंडमधल्या लाँगरीचला राहतो. जानेवारीत ही सेकंडहँड डिझेल फोर-बाय-फोर घेतली. डांबरी रस्त्यावर एक तक्रार नाही. एप्रिलमध्ये आईला घेऊन विंटनमार्गे लार्क क्वारीला, डायनासोरच्या पावलांचे ठसे बघायला गेलो. विंटनपासून 110 किलोमीटर, मध्ये बराच कच्चा रस्ता. पोचून डिकी उघडली तर सगळ्यावर गेरूसारखी धूळ, डब्याच्या झाकणाच्या खाचेतसुद्धा. दशमी दाताखाली कचकचली. आई काही बोलली नाही, पण दुसरी घेतली नाही. फार लागलं मला ते.

गॅरेजमध्ये 240 डॉलर देऊन बीडिंग बदललं. धूळ तशीच! दोन दिवस हुज्जत घातली. "रस्ताच तसा आहे" एवढंच उत्तर. तेव्हा मी या गाडीला दोन तारे दिले होते.

ते आता बदलतोय. जुलैत पुन्हा गेलो, तेव्हा पार्किंगमध्ये एका म्हाताऱ्या शेतकऱ्याने सांगितलं: खिडक्या बंद, एसीची हवा बाहेरून घ्यायची, पंखा जोरात. आत दाब वाढतो, फटींतून हवा बाहेर जाते, धूळ आत येत नाही. मी धुळीच्या भीतीने आतलीच हवा फिरवत होतो. परतताना तसं केलं, डिकीत नुसता हलका थर. चार तारे. पण हे गॅरेजवाल्याने सांगायला हवं होतं, 240 डॉलर घेण्याआधी.

आणि जागा? जरूर जा. साडेनऊ कोटी वर्षांपूर्वीच्या चिखलात उमटलेले सुमारे 3,300 ठसे, कितीतरी कोंबडीएवढ्या प्राण्यांचे. मोठ्या शिकारी डायनासोरला घाबरून कळप पळाला, असं आधी मानत. आता काही संशोधक म्हणतात मोठा प्राणी शाकाहारी होता आणि छोटे पाण्यातून पोहत गेले. आईने कठड्यावरून पंजा हवेत धरून एक तीनबोटी ठसा मापला. "अरे, आपल्या अंगणातल्या कोंबडीसारखाच की रे!" उघड्यावर ठसे झिजत होते, म्हणून 2002 मध्ये चोपलेल्या मातीच्या भिंतींची बंदिस्त इमारत बांधली. आत गार, धुळीचा कण नाही. मी तिथली दारं बराच वेळ बघत होतो.

डिझेल विंटनमध्येच भरा. पाणी मात्र घरून न्या, तिथल्या बोअरच्या पाण्याला गंधकाचा वास येतो.

जुलैत दशम्यांचा डबा आईने मांडीवरच धरला होता. सप्टेंबरात ती साताऱ्याला परत जाईल. त्याआधी आणखी एक फेरी मारणार, आणि डबा डिकीत ठेवणार.