टॅबलेट घेऊन लॅपटॉप विकावा का?

“यात सगळं होतं साहेब,” असं टॅबलेट विकणारा सांगतो, आणि ते जवळजवळ खरं असतं. मेल, मीटिंग, पत्र, सही केलेली पीडीएफ, थोडंफार एक्सेल हे सगळं आजच्या मधल्या किमतीच्या टॅबलेटवर विनातक्रार होतं. गाडी अडते ती कामाच्या शेवटच्या पायरीवर. पत्र लिहून झालं, आता छापायचं कशावर? टेंडर भरून झालं, डिजिटल सही कशी करायची? म्हणून या परीक्षणात चिपच्या वेगाला फार जागा दिलेली नाही. वेग दोन्हीकडे पुरेसा आहे.

समोर दोन यंत्रं आहेत: २०२५चा ए१६ चिपवाला साधा आयपॅड आणि सॅमसंगचा गॅलॅक्सी टॅब एस१० एफई. दोन्ही साधारण ११ इंची. लॅपटॉपऐवजी काहीतरी घ्यायचं म्हणून लोक ज्या किमतीपर्यंत येतात, तिथेच हे दोन्ही बसतात.

आधी पैशांचं बोलू. आयपॅड बाजारात आला तेव्हा ३४,९०० रुपयांना होता. त्यासाठीचा ॲपलचा मॅजिक कीबोर्ड फोलिओ २४,९०० ला. बेरीज ५९,८०० रुपये, आणि त्यात पडद्यावर लिहायची ॲपलची पेन्सिल नाही. एवढ्या पैशात बरा विंडोज लॅपटॉप येतो. एक पायरी वर, २०२५मध्ये आला तेव्हा एम३ चिपचा ११ इंची आयपॅड एअर ५९,९०० आणि त्याचा कीबोर्ड २६,९०० ला होता, म्हणजे ८६,८००. तिथून मॅकबुक एअर फार लांब राहत नाही. म्हणून ‘टॅबलेट स्वस्त पडतो’ हे फक्त कीबोर्ड न घेणाऱ्यालाच म्हणता येतं. खर्च आटोक्यात ठेवायचा असेल तर साधं स्टँडवालं कव्हर आणि वेगळा ब्लूटूथ कीबोर्ड घ्यावा. तीन-चार हजारांत भागतं. टाइपिंगला हा जोड फोलिओपेक्षा कमी पडत नाही, फक्त दोन वस्तू वागवाव्या लागतात. सॅमसंगच्या खोक्यात एस पेन येतो, मायक्रोएसडी कार्डाची जागा आहे आणि पाणी-धुळीसाठी आयपी६८ मानांकन आहे. साइटवर जाणाऱ्या इंजिनिअरला किंवा सर्व्हेअरला एवढ्यावरच निर्णय घेता येईल.

फोलिओच्या कळांखाली दिवा नाही, हे रात्रीच्या प्रवासात कळतं. शिवाय मागचा पाय टेकायला जागा लागते. टेबलावर छान, पण एसटीच्या सीटवर मांडीवर ठेवला की डुगडुगतो. लॅपटॉपची बिजागरी किती कामाची वस्तू आहे ते अशा वेळी लक्षात येतं.

आता मराठी टाइपिंग, ज्याचा उल्लेख बहुतेक परीक्षणांत सापडत नाही. पडद्यावरच्या कीबोर्डवर मराठी लिहिणं सोपं आहे; बाहेरचा कीबोर्ड जोडला की खरी परीक्षा. आयपॅडवर सेटिंग्ज, जनरल, कीबोर्ड, कीबोर्ड्स या वाटेने मराठी जोडा. मग एक पान मागे येऊन हार्डवेअर कीबोर्डमध्ये कॅप्स लॉकने भाषा बदलण्याची सोय चालू करा. एक कळ दाबली की मराठी, पुन्हा दाबली की इंग्रजी. इन्स्क्रिप्ट, म्हणजे कळांची सरकारी प्रमाण मांडणी, येणाऱ्याला फार काही शिकावं लागत नाही: डी वर हलन्त, शिफ्ट-एन वर ळ, शिफ्ट-५ वर ज्ञ, शिफ्ट-७ वर क्ष. रेमिंग्टनची, म्हणजे जुन्या टाइपरायटरच्या मांडणीची, सवय असलेल्यांनी मात्र इन्स्क्रिप्ट शिकायची तयारी ठेवूनच टॅबलेटकडे बघावं. सॅमसंगवर फिजिकल कीबोर्डच्या सेटिंगमध्ये हवा तो लेआउट यादीत आहे का, ते दुकानातच बघून घ्या. तपासायला पुरे वाक्य नको, ‘तऱ्हा, ज्ञानेश्वर, ॲप, वाङ्मय, कळ’ एवढे शब्द बास. यातला एखादा जरी धड उमटला नाही, तर पुढची सगळी पत्रं कुंथत लिहावी लागतील.

याहून मोठी अडचण जुन्या फाइलींची. कितीतरी कार्यालयांत, छापखान्यांत आणि वकिलांकडे वीस-वीस वर्षांचा मजकूर श्रीलिपी, कृतिदेव किंवा डीव्हीबी-टीटी सुरेखमध्ये पडून आहे. हे जुने फॉन्ट युनिकोडचे, म्हणजे कुठल्याही यंत्रावर वाचता येणाऱ्या प्रमाण अक्षरांचे, नाहीत. आत साठवलेली असतात रोमन अक्षरं आणि चिन्हं; देवनागरीचा वेष त्यांना फॉन्टमुळे मिळतो. फॉन्ट नसलेल्या टॅबलेटवर तीच फाइल उघडली की कंस, स्वल्पविराम आणि रोमन अक्षरांची खिचडी दिसते. एखाद्या ॲपमधून फॉन्ट बसवता येतो, म्हणजे वाचण्यापुरतं भागतं. पण त्यात नवं लिहायला जो टायपिंगचा प्रोग्राम लागतो तो विंडोजचा. जुना साठा हाताळायचा असेल तर आधी लॅपटॉपवर सगळं युनिकोडमध्ये बदलून घ्या, रूपांतरानंतर जोडाक्षरं आणि रफार डोळ्यांनी तपासा, आणि मगच टॅबलेटचं नाव काढा.

वर्ड आणि एक्सेलबाबत एक बारीक अट आहे. मायक्रोसॉफ्टच्या मोबाइल ॲप्समध्ये फुकट संपादन होतं ते १०.१ इंच किंवा त्याहून लहान पडद्यावर. हे दोन्ही टॅबलेट त्याच्या वर जातात, त्यामुळे फाइल बघता येते पण बदलायला ३६५ची वर्गणी लागते. किंमत काढताना ही वर्गणी धरा, नाहीतर गूगल डॉक्सची सवय करा. एक्सेलमध्ये साध्या नोंदी, बेरजा, फिल्टर, पाच-सहा हजार ओळींची यादी सहज पेलते. मॅक्रो, म्हणजे फाइलमध्ये बसवलेले आपोआप काम करणारे छोटे प्रोग्राम, मात्र चालत नाहीत. मॅक्रोवाली एक्सएलएसएम फाइल उघडते, आतलं बटण दिसतं, दाबल्यावर काहीच होत नाही. बाहेरचा डेटा ओढून जुळवणारी पॉवर क्वेरीही नाही. यामुळे कर सल्लागारांची पंचाईत होते, कारण जीएसटी आणि प्राप्तिकराच्या ऑफलाइन युटिलिटी बऱ्याचशा मॅक्रोंवर उभ्या आहेत आणि टीडीएस रिटर्न बनवायचा आरपीयू हा प्रोग्राम जावावर. हिशेबाचं टॅली प्राइमही विंडोजचंच. ब्राउझरमधून रिपोर्ट बघता येतात, पण दिवसभर व्हाउचर मारणाऱ्याचं त्याने पोट भरत नाही.

आणि डीएससी, म्हणजे डिजिटल सहीचं प्रमाणपत्र. पेनड्राइव्हसारख्या यूएसबी टोकनवरची ही सही टॅबलेटला खोचून चालत नाही. सी पोर्टचा कन्व्हर्टर लावला तरी नाही. टोकनचा ड्रायव्हर आणि पोर्टलशी बोलणारं सायनर सॉफ्टवेअर संगणकासाठी बनलेलं असतं. आयपॅड किंवा अँड्रॉइडवर ते बसवायला जागाच नाही. एकट्या मालकीचा दुकानदार जीएसटी रिटर्न ओटीपीवर, म्हणजे ईव्हीसीने भरू शकतो, त्याला अडचण नाही. कंपनी किंवा एलएलपी (मर्यादित जबाबदारीची भागीदारी) असेल तर डीएससी लागतेच. महाटेंडर्सवर निविदा भरणाऱ्या कंत्राटदाराने तर लॅपटॉप विकायचा विचारही करू नये.

यातून पळवाट आहे: जुना संगणक ऑफिसात चालू ठेवायचा आणि टॅबलेटवरून तो चालवायचा. विंडोज होम असेल तर मायक्रोसॉफ्टचा स्वतःचा रिमोट डेस्कटॉप त्या संगणकात शिरू देत नाही, प्रो आवृत्ती लागते. क्रोम रिमोट डेस्कटॉपला ही अट नाही. प्रो असली तरी एक गाठ आहे. मायक्रोसॉफ्टच्या रिमोटमधून आत गेलात की तिकडे खोचलेलं टोकन बहुधा दिसेनासं होतं, कारण त्या सत्रात विंडोज स्मार्टकार्ड तुमच्या हातातल्या यंत्रावर शोधतं. क्रोमच्या किंवा तशाच दुसऱ्या ॲपमध्ये तुम्ही थेट त्या संगणकाचाच पडदा चालवत असता, म्हणून टोकन दिसतं. संगणकाची स्लीप बंद ठेवायला विसरू नका. आणि टोकन रात्रंदिवस खोचून ठेवणं म्हणजे सहीचा शिक्का टेबलावर उघडा टाकून घरी जाणं. गरजेपुरतं कुणाला तरी लावायला सांगा, काम झालं की कुलपात.

प्रिंटरचंही तसंच. आपल्याकडच्या ऑफिसांत कॅनन एलबीपी२९०० आणि एचपी लेसरजेट १०२० हे दोन म्हातारे अजून इमानेइतबारे राबत असतात. दोघेही यूएसबीवरचे, आणि पान तयार करायचं बरंचसं काम संगणकातल्या ड्रायव्हरवर टाकणारे. टॅबलेटला त्यांची केबल जोडून उपयोग शून्य. टॅबलेटसाठी वायफाय प्रिंटर हवा, आणि आयपॅडसाठी त्यावर एअरप्रिंट लिहिलेलं असावं. नाहीतर पीडीएफ करून झेरॉक्सवाल्याच्या व्हॉट्सॲपवर. व्हॉट्सॲपचं आयपॅडसाठी स्वतंत्र ॲप २०२५च्या मे महिन्यात आलं, त्यामुळे आता निदान ते तरी ब्राउझरमधून करावं लागत नाही.

पडदा आणि खिडक्यांबाबत आयपॅड बराच सुधारला आहे. आयपॅडओएस २६पासून ॲप्स खऱ्या खिडक्यांसारखी उघडतात, वर मेनूपट्टी येते, आणि हे ए१६ आयपॅडवरही चालतं. एकीकडे पीडीएफ, दुसरीकडे पत्र असं काम आता नीट होतं. पण मॉनिटर जोडला तर या आयपॅडवर तेच चित्र मोठं दिसतं, शिवाय दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या. दुसरा पडदा म्हणून वापरायला एम मालिकेतली चिप लागते. सॅमसंगची डेक्स नावाची खिडक्यांची सोय टास्कबारसकट अगदी संगणकासारखी वाटते. तरी एस१० एफईचं पोर्ट यूएसबी २.० आहे, केबलने मॉनिटरला चित्र जात नाही. ज्याला मॉनिटर हवाच आहे त्याने एफई सोडून महागड्या एस मालिकेकडे बघावं, आणि तिथवर पोचल्यावर लॅपटॉपची किंमत पुन्हा एकदा विचारावी.

पेनड्राइव्ह दोन्हीकडे चालतो, तो एक्सफॅटमध्ये फॉरमॅट केलेला ठेवा. लॅपटॉपवरही तोच चालेल. पोर्टेबल हार्डडिस्कला आयपॅडच्या पोर्टमधून पुरेशी वीज मिळेलच असं नाही, स्वतःचा अडॅप्टर असलेला हब लागू शकतो. स्वस्तातले ४ जीबी रॅमचे टॅबलेट या कामासाठी घेऊच नका. ओटीपी बघायला दुसऱ्या ॲपमध्ये गेलात की मागचं पान मेमरीतून उडतं आणि अर्धा भरलेला फॉर्म पुन्हा पहिल्यापासून. अँड्रॉइडवर सरकारी पोर्टल उघडताना क्रोममध्ये ‘डेस्कटॉप साइट’वर खूण करा, म्हणजे अर्धे मेनू गायब होणार नाहीत.

लॅपटॉपला टॅबलेट खरोखर मागे टाकतो तो विजेच्या बाबतीत. ए१६ आयपॅडची बॅटरी सुमारे २९ वॉट-तासांची आहे. २०,००० एमएएचची पॉवर बँक म्हणजे सुमारे ७४ वॉट-तास; गळती वजा जाता ती आयपॅड निदान दीडदा भरते, तीही फोनच्याच चार्जरच्या ताकदीवर. लॅपटॉपला ४५ ते ६५ वॉट देणारी बँक शोधावी लागते. भारनियमनाच्या गावात शिकवणारे शिक्षक, दिवसभर फिरणारे विमा प्रतिनिधी, मुलाखती घेत हिंडणारे वार्ताहर यांच्यासाठी हा हिशेब बाकी सगळ्या तक्रारींना भारी पडतो. पेनाने पीडीएफवर खुणा करणं, उत्तरपत्रिका तपासणं, नकाशावर रेघ मारणं हेही लॅपटॉपवर कधी इतकं सहज होणार नाही.

तेव्हा वार्ताहर, शिक्षक, प्रतिनिधी, डॉक्टर यांनी खुशाल घ्यावा. पुष्कळ फिरणाऱ्यांना सॅमसंग, मराठीत भरपूर लिहिणाऱ्यांना आयपॅड. लेखापाल, कंत्राटदार, डीटीपीवाले आणि मॅक्रोंवर जगणारे कारकून यांनी नको. ज्यांचं महिन्यातून दोनदाच टोकनाशी काम पडतं, त्यांनी जुना लॅपटॉप विकू नये. एक्स्चेंजमध्ये त्याचे जे चार-पाच हजार मिळतील, त्याहून जास्त खर्च सही करायला दुसऱ्याच्या ऑफिसात मारलेल्या चकरांना येईल.