बाळाचं पहिलं वर्ष: कुठे हात सैल, कुठे आखडता

माझ्या मामेबहिणीला सातवा महिना लागलाय. तारीख जुलैच्या पहिल्या आठवड्यातली. परवा ती खर्चाची वही घेऊन आली. पहिल्या पानावर पाळणा, बाबागाडी, बाटल्या उकळायचं यंत्र, बारशाचा हॉल. बेरीज दीड लाखाच्या पुढे गेली होती. त्यात मालिशवाल्या मावशी नव्हत्या, रजा संपल्यावर बाळाला कोण बघणार ते नव्हतं आणि अडीअडचणीला म्हणून रुपयाही बाजूला काढलेला नव्हता. चार वर्षांपूर्वी माझ्या वहीतही हेच राहून गेलं होतं. म्हणून तिला जे सांगितलं तेच इथे लिहितेय. आम्ही ठाण्याच्या बाजूला राहतो, दर तिथले धरा.

प्रसूती: सरकारी की खासगी

सरकारी रुग्णालयात जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली 2011 पासून प्रसूती, सिझेरियन, औषधं, तपासण्या, रक्त, मुक्कामातलं जेवण आणि ने-आण मोफत आहे. वर्षाच्या आतलं बाळ आजारी पडलं तर त्याचे उपचारही त्यात येतात. गर्दी असते, खोली स्वतंत्र मिळत नाही, जवळचं माणूस सतत सोबत राहू शकेलच असं नाही. पण गरोदरपणात बीपी, साखर किंवा जुळं असली गुंतागुंत असेल, तर मेडिकल कॉलेजला जोडलेलं मोठं सरकारी रुग्णालय मला छोट्या नर्सिंग होमपेक्षा जास्त भरवशाचं वाटतं. तिथे रात्री दोन वाजताही सगळे डॉक्टर एका छताखाली असतात.

खासगीत जाणार असाल तर 'पॅकेज' या शब्दावर थांबू नका. आम्हाला साठ हजार सांगितले होते, बिल चौऱ्याऐंशीचं झालं. बालरोगतज्ज्ञांची फी पॅकेजबाहेर होती आणि कावीळ म्हणून बाळाला दोन दिवस निळ्या दिव्याखाली ठेवलं त्याचे पैसे वेगळे. आधी विचारलं असतं तर निदान तयारीत राहिलो असतो. तुम्ही विचारा: नॉर्मलचं सिझर झालं तर किती? भूलतज्ज्ञ, बालरोगतज्ज्ञ, औषधं यातच की वेगळी? बाळाला काचेच्या पेटीत ठेवायची वेळ आली तर ती सोय इथेच आहे का, आणि दिवसाचे किती?

विम्याचं थोडक्यात: ऑफिसच्या ग्रुप पॉलिसीत प्रसूतीचा खर्च बहुधा असतो, पण त्याला मर्यादा असते, ती आजच विचारून घ्या. स्वतःच्या पॉलिसीत सहसा काही वर्षं थांबावं लागतं, त्यामुळे दिवस राहिल्यावर घेतलेली पॉलिसी या बाळंतपणाला कामी येत नाही. जन्मानंतर मुदतीत बाळाचं नाव पॉलिसीत घालायला विसरू नका. जन्माची नोंदही 21 दिवसांत केली तर विलंबशुल्क लागत नाही.

लंगोट की डायपर

यावर घरोघरी वाद होतात आणि दोन्ही बाजू बरोबर असतात, कारण उत्तर बाळाच्या जन्ममहिन्यावर आहे.

सुरुवातीचे दोन-तीन महिने दिवसाला आठेक डायपर लागतात. एक दहा रुपयांना धरला तर महिन्याचे चोवीसशे. फक्त रात्री आणि बाहेर जाताना, म्हणजे दिवसाला तीन वापरले तर नऊशे. लंगोट तीन डझन घेतले की सुटलो असं वाटतं, जुनं मऊ धोतर घरात असेल तर तेवढाही खर्च नाही. पण रोजचे पंधरा-वीस लंगोट धुणार कोण, हा प्रश्न हिशोबात मांडायलाच हवा. बाळंतीण धुणार असेल तर ते फुकट नाहीत.

माझी मुलगी जुलैचीच. बाहेर धो धो पाऊस, घरात हॉलच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत दोरी आणि त्यावर दमट लंगोट. पंख्याखाली दोन दिवस ठेवूनही कडेची शिवण ओली राहायची, कुबट वास यायचा. माझी आई रात्री अकराला एकेक लंगोट इस्त्रीने वाळवत बसायची. तिसऱ्या आठवड्यात बाळाच्या जांघेत लाल पुरळ उठलं तेव्हा आम्ही डायपरवर आलो आणि ऑक्टोबरचं ऊन पडल्यावर पुन्हा दिवसा लंगोटांवर गेलो. बहिणीला तेच सांगितलं: सप्टेंबर संपेपर्यंत डायपरचे पैसे पूर्ण धर, मग अर्धे कर. नोव्हेंबरात बाळ येणार असेल तर खुशाल लंगोटांनी सुरुवात करा. धुवून वापरायची जाड कापडी डायपर महाग पडतात आणि पावसात लंगोटापेक्षा उशिरा वाळतात, म्हणून पहिल्या पावसाळ्यासाठी मी ती सुचवणार नाही. सगळ्यात लहान मापाचे गठ्ठे साठवू नका, बाळ बघता बघता त्यातून बाहेर येतं.

दूध

पहिले सहा महिने अंगावरचं दूध पुरतं, वरचं पाणीसुद्धा लागत नाही. काही जणींना वैद्यकीय कारणाने डब्याचं दूध द्यावं लागतं, त्यात अपराधी वाटायचं काही कारण नाही, मात्र हिशोब करून ठेवा. पाच किलोचं बाळ दिवसाला साधारण 750 मिली पितं, त्याला शंभरेक ग्रॅम पावडर लागते. म्हणजे 400 ग्रॅमचा डबा चार दिवसांत संपतो. डब्यावरच्या किमतीला साडेसातने गुणा, तो तुमचा महिना. दूध नीट येत नाही असं वाटलं तर डबा आणण्याआधी स्तनपान सल्लागाराला एकदा भेटा. तिची एका भेटीची फी या रकमेपुढे फार नाही, आणि बऱ्याचदा बाळाला नीट धरायला शिकवलं की काम होतं.

लस

सरकारी दवाखान्यात बीसीजी, पोलिओ, हिपॅटायटिस बी, पेंटाव्हॅलंट (पाच आजारांवरची एकच लस), रोटा (जुलाबावरची), गोवर-रुबेला मोफत आहेत, आणि 2021 पासून देशभर न्यूमोकोकलही (न्यूमोनियावरची). खासगीत पेंटाव्हॅलंटऐवजी मिळणाऱ्या 'न दुखणाऱ्या' लसीचे काही हजार जातात. तिने ताप कमी येतो, संरक्षण जास्त मिळतं असं नाही. आम्ही मूळ लसी महापालिकेच्या दवाखान्यात घेतल्या आणि फ्लू, टायफॉइड या जास्तीच्या लसी बालरोगतज्ज्ञांकडे. कार्ड एकच ठेवलं. पेंटाव्हॅलंटनंतर एक रात्र जागावं लागलं, इतकंच.

मावशी की माहेर

माहेरी आई धडधाकट असेल तर प्रश्नच नाही. आईचे गुडघे दुखत असतील, तर चाळीस दिवस मावशी लावाच. आमच्याकडे दिवसाचे चारशे होते, एकूण सोळा हजार. बाळाची आंघोळ, दोघांचं मालिश आणि माझे कपडे. तो तास-दीड तास मी झोपायचे. अख्ख्या वर्षात मला सर्वात जास्त पावलेला खर्च हाच. बाळाच्या नाका-कानात तेल घालायचं नाही आणि खोलीत धुरी नको, हे मात्र पहिल्याच दिवशी सांगून टाका.

बाबागाडी मी दोनदाच बाहेर काढली, आमच्या फुटपाथवर ती चालतच नाही. पाळणा मामाच्या माळ्यावरून आला. बारसं घरी केलं, घुगऱ्या आणि पेढे, चार हजारांत. हॉलचे वाचलेले पैसे मावशींकडे गेले.

रजा संपल्यावर

खरा खर्च इथे सुरू होतो. पहिल्या दोन मुलांसाठी कायद्याने 26 आठवडे पगारी रजा आहे, त्यातले जास्तीत जास्त आठ प्रसूतीआधी घेता येतात. आठ घेतलेत तर कामावर जाताना बाळ चार महिन्यांचं, दोनच घेतलेत तर साडेपाच महिन्यांचं. तब्येत साथ देत असेल तर रजा मागे ठेवा, पाळणाघराचा एक-दीड महिना वाचतो आणि बाळाला दूधही मिळतं. पन्नास किंवा जास्त कर्मचारी असलेल्या आस्थापनेला पाळणाघराची सोय करावी लागते. एचआरला लेखी विचारा.

पाळणाघर की घरी बाई? आमच्या भागात पाळणाघर आठ-दहा हजार, दिवसभराची बाई पंधरा-अठरा. पण बाळाला ताप आला की पाळणाघर घेत नाही आणि पहिल्या हिवाळ्यात ते वारंवार होतं. त्या दिवसांच्या कापलेल्या पगाराचे पैसे मी धरलेच नव्हते. बाई गावाला गेली की तीच गत. आजी-आजोबा येणार असतील तर पहिल्या दिवसापासून वरकामाला बाई लावा; सत्तरीच्या माणसांनी बाळ सांभाळून भांडीही घासावीत हे बरं नाही.

बहिणीने परवाच वहीतलं पान बदललं. हॉल आणि बाबागाडी खोडली, मावशींचे सोळा हजार वर घेतले आणि खाली एक ओळ घातली: डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यानंतर पाळणाघर, अधिक महिन्याला तीन दिवसांचा पगार. रजेचा अर्ज ती 22 जूनपासून टाकणार आहे.