प्यादं मारावं का? इंजिनआधी वहीत उत्तर: सात महिन्यांनंतरचा अनुभव

मे महिन्यात जळगावात दुपारी घराबाहेर पडायची सोय नसते. तेव्हा फोनवर बुद्धिबळ वाढलं आणि हरणंही. हरलेले डाव मागे जाऊन पाहिले, तर एकच गोष्ट सापडत होती. डावाच्या मध्यात समोरचं प्यादं अंगावर आलं की मी ते मारायचो. ते तिथे उभं राहिलेलं बघवत नसे.

म्हणून शंभर पानी वही केली. डाव संपल्यावर ती स्थिती उतरवायची, मारावं की सोडावं याचं स्वतःचं उत्तर कारणासकट लिहायचं आणि मगच स्टॉकफिश, म्हणजे चाली तपासणारं बुद्धिबळाचं इंजिन (प्रोग्रॅम), सुरू करायचं.

पहिले दोन महिने काही फरक दिसला नाही. इंजिन आकडा देतं, चाल देतं. कारण आपणच पुढच्या चार-पाच चाली हलवून शोधायचं. ते शोधायला लागलो तेव्हा वही कामाला आली.

सगळ्यात जास्त पानं एच-प्याद्याने खाल्ली. (पटाच्या उभ्या रांगा, म्हणजे फाईली, ए ते एच; जी-६ म्हणजे जी-फाईलमधलं सहावं घर.) मी काळा, कॅसलिंग (राजा हत्तीच्या बाजूला नेऊन सुरक्षित करायची चाल) झालेलं, जी-६ वर प्यादं. समोरून एच-४, मग एच-५. जी-प्याद्याने मारलं तर माझीच दोन प्यादी एच-फाईलमध्ये एकामागे एक अडकतात आणि राजासमोरची जी-फाईल उघडते. घोड्याने मारलं तर जी-४ येऊन घोडा हाकलला जातो, किंवा पांढरा त्या घोड्यासाठी सरळ हत्तीच देतो. सोडलं तर त्याने जी-६ वर मारून एच-फाईल उघडायची. तिन्ही वाटांनी काही ना काही उघडतंच. आता मी आधी एवढंच लिहितो: उघडलेल्या फाईलवर पहिला हत्ती कुणाचा पोचणार? प्याद्याचा हिशोब त्यानंतर.

अमळनेरच्या मामांनी बॉबी फिशरचा बेंट लार्सनविरुद्धचा जुना डाव मांडून दाखवला, १९५८, पोर्तोरोझची स्पर्धा. फिशर तेव्हा १५ वर्षांचा. २२व्या चालीला त्याने हत्ती देऊन एच-५ वरचा घोडा मारला आणि २३व्या चालीला प्यादं जी-६ वर ढकललं. माझा हात लगेच एफ-प्याद्याकडे गेला. मामा म्हणाले, "थांब रे, बी-३ वरना उंट देख." एफ-७ चं प्यादं हललं की राजाला शह लागतो, म्हणजे ते मारताच येत नाही! फिशर ३१ चालींत जिंकला. ते पान मी अजून उघडून बघतो.

दुसरी गोष्ट ई-५ ची. पांढऱ्याची प्यादी डी-४ आणि एफ-४ वर, माझं डी-६ वर, घोडा एफ-६ वर, आणि तो ई-५ करतो. मी मारलं की परत कशाने मारायचं हे तो ठरवणार. डी-प्याद्याने मारलं तर वजिरांची अदलाबदल होऊ शकते. मग राजाने वजीर मारावा लागला की त्याचं कॅसलिंग गेलं. एफ-प्याद्याने मारलं तर त्याच्या हत्तीला एफ-फाईल मोकळी. म्हणून हल्ली मी बरेचदा घोडा डी-७ वर नेतो आणि सी-५ ची तयारी करतो.

मारण्याआधी थांबून विचार करायची ही सवय तीन मिनिटांच्या डावात झेपत नाही. एन पासाँसाठी (दोन घरं चालून आपल्या प्याद्याशेजारी आलेलं प्यादं, एकच घर चालल्यासारखं मारणं) मात्र फार उपयोगी, कारण तिथे संधी एकाच चालीपुरती असते आणि "नंतर बघू" चालत नाही.

अजून अडतो ते घड्याळापाशी. प्यादं आलं की दोन-दोन मिनिटं जातात आणि शेवटच्या दहा चाली घाईत होतात. त्यासाठी वहीत वेळेचा वेगळा रकाना आखलाय, तो भरायला या आठवड्यात सुरुवात केली.