जेसेशवर हायरोग्लिफ्स: काही महिने वापरून झाल्यावरचं मत

हायरोग्लिफ्स म्हणजे प्राचीन इजिप्तची चित्रलिपी, त्यासाठी आधी फोनवर एक पैसेवालं अ‍ॅप घेतलेलं, नाव नाही सांगत, त्यात 'तुमचं नाव हायरोग्लिफ्समध्ये बघा' याच्या पुढे काही नव्हतंच, ए ला गिधाड, बी ला पाय, संपलं. मग जेसेशवर आलो, हे हायरोग्लिफ्स लिहायचं कॉम्प्युटरवरचं सॉफ्टवेअर. फुकट आहे, सर्ज रोस्मोरड्यूक या फ्रेंच माणसाने केलंय, दिसायला पार जुनाट, पण इजिप्तवाले अभ्यासक खरंच वापरतात ते हेच.

यात चिन्ह उच्चारावरून टाइप करता येतं, नाहीतर गार्डिनर या अभ्यासकाने केलेल्या चिन्हांच्या यादीतल्या नंबराने, म्हणजे ए गटात माणसं, जी गटात पक्षी वगैरे. हायफन दिला की चिन्ह पुढे, कोलन दिला की खाली, आणि तारा दिला की एकाच गटात दोन शेजारी. 'हेतेप' (नैवेद्य) लिहायचं तर आर४:एक्स१*क्यू३, वर चटईवर ठेवलेली भाकरी आणि तिच्याखाली त आणि प. जोडाक्षरं लिहीत वाढलेल्या माणसाला ही रचना लगेच झेपते. स्वर लिहीतच नाहीत बरं का, ते दोन ए आपण बोलायच्या सोयीसाठी घुसवतो. युनिकोडमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरवरच्या अक्षरांच्या प्रमाण यादीत, २००९ पासून हजारावर चिन्हं आहेत, २०२४ मध्ये आणखी जवळपास चार हजार आली, पण नुसत्या फॉन्टने टाइप केलं तर बऱ्याच ठिकाणी सगळी एका रांगेत उभी राहतात, त्यामुळे मी जेसेशमध्येच लिहून एसव्हीजी, म्हणजे चित्राची फाइल, काढतो.

वाचायला मात्र जेसेश शिकवत नाही, ते व्याकरणाच्या पुस्तकातूनच. माझं वाचन सुधारलं ते चित्रं गिरवायला लागल्यावर. न्यूयॉर्कच्या मेट म्युझियमने बऱ्याच कोरीव शिळांचे फोटो फुकट वापरायला दिलेत, ते इंकस्केप या चित्रं काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये खाली ठेवून वरून रेघ मारायची. पक्षी काढताना डोळे उघडतात. जी३६ आणि जी३७ जवळजवळ सारखेच, फरक शेपटीत, दुभंगलेली असेल तर 'मोठा', गोल असेल तर 'लहान' किंवा 'वाईट', म्हणजे शेपूट चुकली की अर्थाचा बट्ट्याबोळ. रेघेची जाडी पण मनाला येईल तशी नाही ठेवायची. प्रकाश वरून डावीकडून येतो असं धरतात, म्हणून उठावाच्या कामात खालची-उजवी रेघ जाड आणि खोदीव कामात वरची-डावी. इजिप्तमधल्या लक्सरला शिकागो विद्यापीठाचे लोक १९२४ पासून मंदिरांच्या भिंती उतरवून घेतायत, त्यांचीही हीच पद्धत.

सुरुवात करणाऱ्यांनी मृतांसाठीच्या नैवेद्याच्या शिळा घ्या, 'हेतेप दी नेसू' (राजाने दिलेला नैवेद्य) हे सूत्र त्यावर इतक्यांदा येतं की आपोआप तोंडात बसतं. माणसं-प्राणी ज्या बाजूला तोंड करून असतील तिकडून वाचायचं, बहुतेक वेळा उजवीकडून, आणि जेसेशमध्ये ओळ तशी उलटी करता येते. पेन टॅबलेट लगेच घेऊ नका, माऊसने वेळ लागतो पण होतं. घुबडाच्या चेहऱ्याला मात्र मी अजून शिव्या घालतो.