चेस्नट की लास्ट?

फोंड्यातल्या आमच्या महिला वाचन मंडळापुढे दोन रोजनिश्या आहेत, त्यांतली आधी कोणती वाचायची ते ठरवायचंय. मेरी चेस्नट ही अमेरिकेतल्या यादवी युद्धाच्या काळातली, माजी सेनेटरची बायको. १८६१ ते १८६५ची टिपणं तिने १८८०च्या दशकात पुन्हा लिहून काढली. छापली गेली १९०५मध्ये, ती वारल्यावर. भाषा झकास, पण मागाहून हात फिरवलेला कळतो. एक जागा मात्र जबरदस्त: शेजारच्या घरातल्या गुलाम बायकांना झालेल्या मिश्र वर्णाच्या मुलांचा बाप कोण, हे प्रत्येक बाई सांगेल, स्वतःच्या घरातली मुलं जणू आभाळातून पडलेली! घराण्याच्या अब्रूपायी बायकांनी काय गिळायचं, ते इथे दिसतं. (ती स्वतः गुलामांच्या कष्टांवरच जगली, हेही आहेच.)

नेला लास्ट इंग्लंडमधल्या बॅरोची गृहिणी. १९३९मध्ये, ४९व्या वर्षी, 'मास ऑब्झर्व्हेशन' या, सामान्य लोकांच्या रोजच्या जगण्याच्या नोंदी गोळा करणाऱ्या उपक्रमासाठी लिहू लागली. पानं टपालाने रवाना, त्यामुळे मागाहून डागडुजी नाही. रेशन, बॉम्बहल्ले, नि घुमा नवरा. स्वयंसेवेसाठी घराबाहेर पडल्यावर त्याच्या मर्जीने जगणं तिला जाचू लागतं.

माझं मत लास्टला. माशांचं हुमण चुलीवरून उतरवून, सगळ्यांची जेवणं आटपून सभेला येणाऱ्या आमच्या बायकांना ती लगेच उमजेल. चेस्नटचा ठोकळा पावसाळ्यात घेऊ.