स्नॅपशॉट, आरसिंक, बोर्ग की रेस्टिक? स्वतःच्या सर्व्हरचा बॅकअप

नेक्स्टक्लाउडसारखं (फायली आणि फोटो साठवणारं) अ‍ॅप्लिकेशन स्वतःच्या सर्व्हरवर चालवलं की त्याचा पसारा तीन ठिकाणी असतो: डेटाबेस, अपलोड केलेल्या फायली आणि कॉन्फिगरेशन. तिन्ही एकमेकांशी जुळणाऱ्या हव्यात. डेटाबेसमध्ये फोटोची नोंद आहे आणि फोटो मात्र बॅकअपमध्ये नाही, अशी प्रत परत उभी केली तरी मोडकीच. म्हणून बॅकअपच्या वेळी मेंटेनन्स मोड लावणं, म्हणजे लोकांचा वापर तेवढ्यापुरता थांबवणं, उत्तम. ते जमत नसेल तर आधी डेटाबेसचा डंप (त्यातली सगळी माहिती एका फाइलमध्ये काढलेली प्रत), मग फायली. मधल्या वेळात आलेल्या चार फायली जास्तीच्या राहतील, त्याने बिघडत नाही.

व्हर्च्युअल मशीनचा स्नॅपशॉट, म्हणजे तिची त्या क्षणाची स्थिती जशीच्या तशी धरून ठेवणं, सगळ्यांत सोपा. अपग्रेडच्या आधी मी तो घेतोच, कारण काही फसलं तर लगेच मागे येता येतं. पण तो बहुतेकदा त्याच डिस्कवर किंवा त्याच खात्यात राहतो. डिस्क गेली किंवा खातं बंद झालं, तर सर्व्हर आणि स्नॅपशॉट दोन्ही सोबत जातात. एकटा स्नॅपशॉट मी बॅकअप मानत नाही.

आरसिंक हे फायली दुसऱ्या ठिकाणी कॉपी करणारं साधन. त्याचं मोठं सुख म्हणजे पलीकडे साध्या फायली दिसतात, त्या परत आणायला वेगळं साधन लागत नाही. मात्र डिलीटचा पर्याय (इथे पुसलेलं पलीकडेही पुसणारा) लावला असेल तर दुपारी चुकून पुसलेलं फोल्डर रात्री पलीकडूनही पुसलं जातं. लिंक-डेस्ट हा पर्याय वापरून तारखेवार प्रती ठेवता येतात. तरीही एन्क्रिप्शन नाही, आणि मोठ्या फाइलमध्ये जरासा बदल झाला की तिची अख्खी नवी प्रत जागा खाते.

लोक फसतात ते डेटाबेसपाशी. चालू डेटाबेसचं फोल्डर आरसिंकने उचललं, तर एक फाइल आत्ताची आणि दुसरी मिनिटभरानंतरची येते. त्या प्रतीवर भरवसा ठेवता येत नाही. पोस्टग्रेस डेटाबेससाठी पीजी-डंप हा प्रोग्रॅम वापरा, लोकांचं काम न थांबवता तो एका क्षणाची सुसंगत प्रत काढतो. युजर आणि रोल त्यात येत नाहीत, ते पीजी-डंपऑलने वेगळे काढा. मारियाडीबी डेटाबेसच्या इनोडीबी प्रकारच्या टेबलांचा डंप काढताना सिंगल-ट्रान्झॅक्शनचा पर्याय लावा. एसक्यूलाइट (एकाच फाइलमध्ये राहणारा डेटाबेस) असेल तर नुसती फाइल कॉपी करू नका, तिची स्वतःची बॅकअप कमांड वापरा.

आता खरी निवड, बॅकअपसाठीच बनवलेल्या दोन साधनांमधली: बोर्ग की रेस्टिक? दोन्ही फायलींचे तुकडे करतात, तोच तुकडा पुन्हा साठवत नाहीत आणि एन्क्रिप्शन देतात. त्यामुळे डंप आधीच जीझिपने दाबून लहान करू नका, नाहीतर तुकडे जुळत नाहीत आणि रोज जागा वाढते. पलीकडे स्वतःची मशीन असेल, तिथे एसएसएचने (दूरच्या मशीनवर सुरक्षित लॉगिन) जाता येत असेल आणि बोर्ग बसवता येत असेल, तर बोर्ग छान चालतो. अ‍ॅमेझॉनच्या एस-३ सारखं ऑब्जेक्ट स्टोरेज (क्लाउडमधली फायली ठेवायची जागा) असेल, किंवा अनेक सर्व्हर एकाच रिपॉझिटरीत (बॅकअपच्या साठ्यात) भरायचे असतील, तर रेस्टिक. त्यात कॉम्प्रेशन नाही ही तक्रार २०२२ च्या ०.१४ आवृत्तीने संपवली. बोर्गमध्ये कीफाइल पद्धत निवडलीत तर एन्क्रिप्शन उघडायची किल्ली सर्व्हरवरच राहते. ती एक्सपोर्ट करून बाहेर ठेवा, नाहीतर सर्व्हरबरोबर बॅकअपही गेला.

नव्याने सुरुवात करणाऱ्याला मी डंप आणि रेस्टिक हीच जोडी सांगेन, स्नॅपशॉट फक्त अपग्रेडपुरता. आणि कोणतंही साधन घेतलं तरी प्रत परत उभी करून बघायचीच. ३१ जानेवारी २०१७ ला गिटलॅब या कोड साठवणाऱ्या सेवेत एका इंजिनिअरच्या हातून चालू डेटाबेसची डिरेक्टरी पुसली गेली. डेटाबेस पोस्टग्रेस ९.६ चा आणि डंप काढणारा प्रोग्रॅम ९.२ चा, त्यामुळे डंप होतच नव्हते, आणि ते कळवणारे ईमेलही नाकारले जात होते. शेवटी सुमारे सहा तास आधी, दुसऱ्याच कामासाठी काढलेला स्नॅपशॉट उपयोगी पडला. माझी चाचणी साधी आहे: रिकाम्या मशीनवर सगळं उभं करायचं, लॉगिन करायचं, जुना एखादा फोटो उघडायचा आणि किती वेळ लागला ते लिहून ठेवायचं.