हिरव्या रेषेचा पुरावा: ‘ब्रेथ ऑफ द वाइल्ड’ सात महिन्यांनंतर

‘द लेजंड ऑफ झेल्डा: ब्रेथ ऑफ द वाइल्ड’ या निन्टेंडोच्या खुल्या जगातल्या साहसी व्हिडिओ गेमच्या अतिरिक्त भागात ‘हीरोज पाथ’ नावाची एक सोय आहे. ती सुरू केली की गेल्या 200 तासांत आपण कुठून कुठे गेलो ते नकाशावर हिरव्या रेषेने उमटत जाते आणि जिथे मेलो तिथे फुली दिसते. सात महिने खेळून झाल्यावर मी ही रेषा सुरुवातीपासून चालवून पाहिली आणि इतके दिवस मनात घोळत असलेल्या मताला एकदम आकार आला. पहिल्या साठेक तासांची रेषा रिकामटेकड्या माणसाच्या भटकंतीसारखी आहे: निघाले एका मनोऱ्याकडे, वाटेत धूर दिसला म्हणून वळले, तिथून डोंगरावर चढले, खाली तळे दिसले म्हणून उडी मारली. शेवटच्या साठ तासांत मात्र नकाशावर नुसते आखूड, सरळ तुकडे आहेत. प्रत्येक तुकडा एका श्राइनपाशी, म्हणजे नकाशावरून थेट उडी मारून पोहोचता येते अशा कोड्याच्या छोट्या मंदिरापाशी, सुरू होतो, हव्या त्या वस्तूपर्यंत जातो आणि तिथेच संपतो. गेम तोच, जगही तेच, खेळणारीही तीच.

3 मार्च 2017 रोजी हा गेम आला तेव्हा समीक्षकांनी त्याला डोक्यावर घेतले. निन्टेंडोच्या स्विच या कन्सोलवरील आवृत्तीची, समीक्षकांचे गुण एकत्र करणाऱ्या मेटाक्रिटिक या संकेतस्थळावरील सरासरी 100 पैकी 97 आहे. मी तो पुष्कळ उशिरा, ती स्तुती आणि तिच्यामागून आलेली, मुख्यतः शस्त्रे तुटण्याविषयीची कुरकुर दोन्ही वाचून हाती घेतला. आता वाटते की स्तुती खरी होती, पण ती पहिल्या साठ तासांची होती. आणि कुरकुरही खरी होती, फक्त तिने बोट चुकीच्या ठिकाणी ठेवले होते.

आधी स्तुतीविषयी. या गेमचा कणा म्हणजे त्याचे नियम. दिग्दर्शक हिदेमारो फुजिबायाशी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2017 च्या गेम डेव्हलपर्स कॉन्फरन्समध्ये हे नियम उलगडून सांगितले होते. आग, पाणी, वीज, वारा अशी तत्त्वे एका बाजूला आणि लाकूड, धातू, गवत, प्राणी असे पदार्थ दुसऱ्या बाजूला. तत्त्व पदार्थाची अवस्था बदलू शकते, एक तत्त्व दुसऱ्या तत्त्वालाही बदलू शकते, पण पदार्थ पदार्थाला बदलू शकत नाही. ऐकायला हे शाळेतल्या विज्ञानाच्या वहीसारखे वाटते, परंतु खेळताना त्यातून निघणाऱ्या शक्यतांना अंत नाही. गवत पेटवले की गरम हवा वर चढते आणि त्या झोतावर पॅराग्लायडर उघडून उंच जाता येते. वादळात अंगावर धातूचे शस्त्र असेल तर वीज आपल्यावर पडते, म्हणून ते काढून शत्रूच्या पायाशी टाकावे आणि दूर उभे राहून मजा पाहावी. डेथ माउंटनच्या उष्णतेत पाठीवरचे लाकडी धनुष्य आपोआप पेट घेते. वीजप्रवाह जोडण्याच्या एका कोड्यात मी लोखंडी ठोकळे जागेवर बसवण्यासाठी अर्धा तास खटपट केली. धाकट्या भावाने आपल्या खात्यावर त्याच कोड्याशी येऊन दोन तलवारी जमिनीवर एकापुढे एक ठेवल्या, प्रवाह पूर्ण केला आणि दार उघडले. ही फसवणूक नव्हती. धातूतून वीज वाहते असा नियम गेमनेच सांगितला होता आणि त्याने तो शब्दशः घेतला होता. खेळणाऱ्याच्या तर्काला इतका मान देणारे गेम मी फार थोडे पाहिले आहेत.

आता शस्त्रांविषयी, कारण या गेमच्या निंदेतली बहुतेक शाई तिथेच सांडली आहे. इथे प्रत्येक तलवार, भाला आणि गदा तुटते. सुरुवातीच्या साध्या तलवारी वीसेक घावांत मोडतात. पहिल्या आठवड्यात मलाही याचा संताप आला होता, परंतु पंधरा-वीस तासांनंतर लक्षात आले की वर वर्णिलेल्या साऱ्या गमती घडतात त्या शस्त्रे तुटतात म्हणूनच. हातात कायमची उत्तम तलवार असती तर मी प्रत्येक शत्रूला त्याच तलवारीने कापत सुटले असते; टेकडीवरून धोंडा ढकलण्याचा, छावणीतले स्फोटक पिंप पेटवण्याचा किंवा शत्रू झोपेत असताना त्याचा भाला पळवण्याचा विचार मनात आलाच नसता. शिवाय तुटायला आलेले शस्त्र फेकून मारले तर ते फुटताना दुप्पट इजा करते, म्हणजे मरणाऱ्या तलवारीचाही शेवटचा उपयोग राखून ठेवलेला आहे. पहिले साठ तास ही रचना बिनचूक चालते, असे मी ठामपणे म्हणेन.

ती मोडते पुढे, आणि का मोडते ते आकड्यांतून दिसते. बोकोब्लिन हा गेममधला सर्वांत किरकोळ राक्षस. सुरुवातीला भेटणाऱ्या लाल बोकोब्लिनचा जीव 13 गुणांचा असतो. निळ्याचा 72, काळ्याचा 240 आणि रुपेरी बोकोब्लिनचा 720. आपण जितके शत्रू मारू तितके पुढचे शत्रू वरच्या रंगाचे होत जातात. 30 मारक गुणांच्या शस्त्राने रुपेरी बोकोब्लिन पाडायला 24 घाव लागतात. म्हणजे एका किरकोळ पहारेकऱ्यासाठी एखादे बरे शस्त्र जवळजवळ संपते आणि बदल्यात जे मिळते ते बहुधा त्याहून हलके असते. हा सरळसरळ तोट्याचा व्यवहार आहे. मग खेळणारा काय करतो? छावणी दिसली की वळसा घालून निघून जातो. ज्या नियमाने पहिल्या महिन्यात मला कल्पक बनवले, त्याच नियमाने पाचव्या महिन्यात मला कंजूष बनवले, कारण शत्रूंचा जीव वाढला पण त्यांची अक्कल वाढली नाही. रुपेरी बोकोब्लिन लाल बोकोब्लिनच्याच चाली खेळतो, फक्त पडायला वेळ लावतो. तक्रार करायचीच तर शस्त्र तुटण्याविषयी न करता या फुगवलेल्या जीवाविषयी करावी.

मास्टर सोर्ड या गेममधल्या खास तलवारीनेही हा प्रश्न सुटत नाही. आपला जीव हृदयांत मोजला जातो, आणि 13 हृदये जमल्याशिवाय ती उपसता येत नाही. ती तुटत नाही, पण शक्ती संपली की 10 मिनिटे विश्रांती घेते. त्या 10 मिनिटांत मी बहुतेक वेळा स्वयंपाक केला.

आणि स्वयंपाकाविषयी मला जरा सविस्तर बोलायचे आहे, कारण माझ्या मते या गेमचा सर्वांत मोठा दोष तिथे आहे आणि त्याची चर्चा सर्वांत कमी होते. लढाई कितीही रंगात आलेली असो, मेनू उघडला की काळ थांबतो आणि आपण हवे तितके खाऊ शकतो. त्यात ‘हार्टी’ वर्गातला एकच मुळा शिजवला तरी सगळी हृदये भरतात आणि वर जादाही मिळतात. फॅरॉन मनोऱ्याच्या परिसरात हार्टी ड्यूरियन या फळाची झाडे सापडल्या दिवसापासून मी खऱ्या अर्थाने घाबरले नाही. गार्डियन या यंत्र-पहारेकऱ्याचा लाल किरण पहिल्यांदा अंगावर रोखला गेला तेव्हा तळहाताला घाम फुटला होता. ड्यूरियननंतर तोच किरण म्हणजे एक मेनू उघडण्याचा त्रास उरला. एका लढाईत किती वेळा खाता येईल यावर मर्यादा असती किंवा खाण्याला निदान दोन सेकंद लागत असते, तरी धोका जिवंत राहिला असता. जग इतक्या काटेकोर नियमांवर उभे करणाऱ्यांनी पोटाला एकही नियम लावू नये याचे मला आश्चर्य वाटते. पाककृतींची नोंद ठेवणारी वहीही गेममध्ये नाही. मी ती वेगळी कागदावर ठेवली.

पावसाविषयी मात्र मी गेमची बाजू घेईन, निदान अर्धी. पावसात कडा चढताना हात सुटतात आणि त्यावर कोणताही पोशाख उपाय करत नाही, हे चिडवणारे आहे. तरी पाऊस आला म्हणून कड्याखाली थांबले, आडोशाला शेकोटी पेटवून वेळ काढला आणि त्या वेळात समोरच्या दरीत काहीतरी चमकताना दिसले, असे माझ्या बाबतीत इतक्या वेळा झाले आहे की पाऊस काढून टाका असे मला म्हणवत नाही.

मूळ गेममध्ये श्राइन एकूण 120 आहेत. त्यांतली उत्तम श्राइन म्हणजे एकेका कल्पनेचे नेटके टिपण आहे. सामान्य श्राइन म्हणजे बळाची परीक्षा, जिथे तोच यांत्रिक शत्रू, तीच खोली आणि तेच खांब पुन्हा पुन्हा भेटतात. कंट्रोलर तिरका करून चेंडू चक्रव्यूहातून न्यायचे एक कोडे सर्वांच्या शिव्या खाते. त्यात अख्खी पाटीच उलटी करून तिच्या सपाट पाठीवरून चेंडू न्यायचा, हा मार्ग सापडला तेव्हा मी मोठ्याने हसले. चार डिव्हाइन बीस्ट, म्हणजे प्राण्यांच्या आकाराची अवाढव्य यंत्रे, मात्र निराशा करतात. आतून यंत्र फिरवण्याची कल्पना सुरेख आहे. हत्तीची सोंड हलवून पाण्याची धार हवी तिकडे वळवणे किंवा उंटाच्या पोटातली चक्रे जुळवणे यात खरे डोके चालते. परंतु चौघांचेही रंग, भिंती आणि संगीत इतके सारखे आहे की दोन महिन्यांनी कोणते कोडे कोणत्या यंत्रातले हे आठवत नाही. शेवटी उभे राहणारे चार बॉस, म्हणजे मोठे शत्रूही, एकाच कुटुंबातले वाटतात. त्यातच यांपैकी एक यंत्र जिंकून त्याच्या जुन्या चालकाचे, रेव्हालीचे, वरदान मिळाले की पायाखालून वाऱ्याचा झोत उठतो आणि माणूस सरळ वर जातो. या गेममध्ये कडा चढणे हा केवढा थोर आनंद होता! आधी स्टॅमिनाचा, म्हणजे दमाचा, हिशेब, मग खडकातल्या सपाट जागांचा शोध, मग शेवटच्या दोन हातांवर संपत आलेले स्टॅमिनाचे हिरवे वर्तुळ. ते सगळे एका बटणात संपते, आणि माझ्या रेषेचे वळण सरळ व्हायला सुरुवात होते ती नेमकी याच सुमारास.

जगभर लपलेल्या कोरोक या वनदेवतांच्या 900 बियांबद्दल एवढेच सांगते की इन्व्हेंटरी, म्हणजे शस्त्रे ठेवायची जागा, पूर्ण वाढवायला 441 पुरतात, आणि सगळ्या 900 जमवणाऱ्याला मिळणारे सोनेरी बक्षीस म्हणजे गेमने त्याच्या हव्यासावर केलेला विनोद आहे. मी दोनशेच्या पुढे थांबले.

गेमला आपल्या या दुखण्याची जाणीव नव्हती असेही म्हणता येत नाही, कारण आग्नेयेच्या समुद्रात इव्हेनटाइड नावाचे बेट आहे. त्यावर पाऊल ठेवताच शस्त्रे, कपडे आणि शिजवलेले अन्न सगळे काढून घेतले जाते आणि तीन गोळे तीन चौथऱ्यांवर नेऊन ठेवायला सांगितले जाते. मी तिथे सुमारे 110 तासांनंतर गेले. पंधरा मिनिटांत पुन्हा फांदी उचलून झाडामागे लपत होते, समोरच्या छावणीत किती जण आहेत ते मोजत होते, आणि एक गोळा झोपलेल्या हिनॉक्स या एकडोळ्या राक्षसाच्या गळ्यात आहे हे पाहून पुन्हा घाबरले होते. नियम तेच, शत्रू तेच. फक्त शिदोरी नव्हती. अशी आणखी चार-पाच ठिकाणे उत्तरार्धात असती तर हा लेख वेगळा झाला असता.

बाकी गोष्टी थोडक्यात. मूळ स्विचवर कोरोकच्या जंगलात फ्रेम रेट, म्हणजे सेकंदाला दिसणाऱ्या चित्रांची संख्या, स्पष्टपणे पडतो. एरवी 30 फ्रेमवर तो बहुतांशी टिकतो. छायाचित्रांवरून आठवणी शोधण्याची कथा हृद्य आहे, पण संवादांचा अभिनय सगळीकडे सारखा चांगला नाही. ‘-सन’ने संपणाऱ्या नावांची माणसे गोळा करून टॅरी टाउन वसवण्याचे उपकथानक मूळ कथेपेक्षा मला अधिक भावले. सर्वांत जाचक मर्यादा अशी की मूळ स्विचच्या आवृत्तीत साध्या पातळीवर एका खात्यात एकच खेळ ठेवता येतो. नव्याने सुरुवात केली आणि सेव्ह केले की जुन्याचा पत्ता कट.

म्हणून मी दुसरे खाते उघडले आहे. तिथे श्राइनवरून श्राइनवर उडी मारायची नाही, लढाईत खायचे नाही आणि रेव्हालीकडे सर्वांत शेवटी जायचे, असे माझे मीच ठरवले आहे. सध्या 38 तास झाले आहेत. लढाईत न खाण्याचा नियम दोनदा मोडला, दोन्ही वेळा लायनेल या अतिशय बलवान राक्षसासमोर. काल रात्री हाटेनोला जायला निघाले होते आणि खेळ बंद केला तेव्हा एका दलदलीच्या काठी उभी होते. गाव अजून डोंगराच्या पलीकडेच आहे.